आधी कागद, मग पत्रा

१२ जानेवारी
निपाणीच्या पुढे एका शेतात जीप पाहिली. बाहेरून झकास. लष्करी हिरवा रंग, रुंद टायर, बॉनेटवर पांढरा तारा. हा तारा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी गाड्यांवरचा. ही गाडी बनली तेव्हा ते युद्ध संपून वीसेक वर्षं झाली होती, पण हौसेला कोण अडवणार?
सोबतच्या मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढलं आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावलं. ते घसरून खाली पडलं. वीतभर पुढे लावलं, पुन्हा पडलं. "पत्रा कुठाय सायेब? निस्ती लांबी भरलीया." बॉनेट उचललं तर आत डिझेल इंजिन आणि आरसी बुकात इंधन पेट्रोल. मालक म्हणाले, "कोण बघतंय?" पासिंगला गाडी उभी केली की आरटीओ बघतो. चहा घेऊन निघालो.

२ फेब्रुवारी
कराडकडे एका वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडात ती सापडली. १९६८ची महिंद्राची सीजे थ्री बी. टायर बसलेले, सीटांत उंदरांची वस्ती, एक हेडलाइट गायब. पण चुंबक जिथे लावावं तिथे चिकटलं. गंज होता तो उघडा होता. उघड्या गंजाची मला भीती वाटत नाही.
आरसी बुक मागितलं. मग चासीवरचा नंबर रॉकेलच्या बोळ्याने पुसला, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला आणि पुस्तकातल्या नंबराशी तंतोतंत जुळला. इंजिन नंबरही जुळला. त्यानंतरच भावाची बोलणी केली. किंमत इथे लिहीत नाही. ही वही घरात कुणीही उघडतं.

१९ फेब्रुवारी
शिवजयंती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज बंद, म्हणून घरी कागदपत्रं लावत बसलो.
पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे. नंबरात ‘व्हीए’ येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय गाडी बाहेर काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. रविवारी पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला जाणं यातल्या कशात बसतं? मी नोंदणीचं साधं नूतनीकरणच करणार. पण डिझेल इंजिन घालून ‘विंटेज’ म्हणून मिरवणाऱ्यांनी ती अट एकदा वाचावी.

३ मार्च
बॉडी चासीवरून उतरवली. चासीच्या पोटात कित्येक पावसाळ्यांचा चिखल साचून दगड झाला होता, छिन्नीने काढला. एका पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चीर निघाली. वेल्डिंग करून पट्टी मारली. शॅकलचे बुश, किंगपिनची बेअरिंगं, ब्रेकची सिलिंडरं नवी घातली. पेट्रोल पंपाचा रबरी पडदाही बदलला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही.
गॅरेजात येणारा प्रत्येक जण सल्ला देतो: पॉवर स्टिअरिंग घाला, डिस्क ब्रेक घाला, बोलेरोचं इंजिन बसवा. हवी तशी जीप बांधून घ्यायची तर हरियाणात डबवालीला जावं, तिथले कारागीर वाकबगार आहेत. मला १९६८चीच हवी आहे.

१७ मार्च
इंजिन खोललं. हे विलीजचं ‘हरिकेन’: चार सिलिंडर, २.२ लिटर. त्याआधीच्या ‘गो डेव्हिल’मध्ये दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत. हरिकेनमध्ये आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिनाची उंची वाढली, ते मावावं म्हणून बॉनेटही उंच झालं. थ्री बीचं ते कपाळ वर काढलेलं रूप त्यातूनच आलं. चाळीसच्या दशकाअखेरीस माझगावला महिंद्रांनी जी जीप जुळवायला सुरुवात केली, त्या आधीच्या मॉडेलचं बॉनेट बसकं आहे.
ऑइल मात्र ताकासारखं पांढुरकं निघालं. म्हणजे त्यात पाणी उतरतंय. लेथवाल्याने हेड धुऊन टेबलावर ठेवलं, त्यावर रंगीत द्रव लावला, पुसला, वरून पांढरी पावडर फवारली. थोड्या वेळाने व्हॉल्व्हच्या बैठकीपासून पाण्याच्या वाटेपर्यंत केसाएवढी लाल रेघ उमटली. ब्लॉक शाबूत आहे, रीबोर करून चालेल. हेड गेलं.

३० मार्च
बॉडीला प्रायमर झाला. वायरिंग नवं ओढलं. सोलेक्स कार्बोरेटर धुऊन, जेट साफ करून कपाटात ठेवलाय. काम अडलंय ते हेडपाशी. ओतीव लोखंडाचं वेल्डिंग करून देतो म्हणणारे दोघे भेटले. त्या जागी ते टिकेल असं मिस्त्रींना वाटत नाही आणि मलाही नाही.
सातारा-सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी जीपांत डिझेल इंजिनं बसली. त्यांची मूळ पेट्रोल इंजिनं कुठे गोठ्यामागे, कुठे विहिरीवरच्या खोलीत पडून असतील. तुमच्याकडे असं इंजिन असलं तर ते भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी मला कळवा. हेडला तडा नसेल तर भंगाराच्या दुप्पट भाव देईन आणि टेम्पो माझा.