चंद्री
चंद्री पंढरपुरी म्हैस. शिंगं खांद्याच्याही मागं गेलेली, तलवारीसारखी. त्यांच्यापायी गोठ्याचं दार रुंद करावं लागलं. तेव्हा कंग्राळीत मार्कंडेयच्या काठाला भाताची शेतं, परड्यात पिंजराच्या गंज्या, आणि पहाटे सायकलला क्यान अडकवून बेळगावच्या वाटेला लागलेली माणसं. शहरात दुधाच्या कुंद्याचं कौतुक. म्हशीला कोण विचारतंय! दिवाळीच्या पाडव्याला मात्र तिचा मान. बेळगावचे गवळी त्या दिवशी म्हशी सजवून पळवतात. आईनं चंद्रीला कधी पळवलं नाही, "दूध आटंल" म्हणून. शिंगांना तेल-गेरू, मोरपिसं आणि गल्लीतनं एक फेरी, बस्स.

ती धार द्यायची फक्त आईला. चरवी घेऊन आई खाली टेकली की सुरू व्हायची, "काय बघूलैस गं भवाने? सोड की!"

आई गेली आणि चंद्रीनं पान्हा चोरला. म्हशीच्या कासेत सहज हाती लागणारं दूध पाचेक टक्केच. बाकीचं वर अडकलेलं. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज मिळून मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटलं तरच ते खाली उतरतं. कुणी इंजेक्शन सुचवलं. आईच्या म्हशीला सुई टोचायला मन होईना. आईचं लुगडं पांघरून बसलो, तरी नाही. मग वैतागून तोंडातून निघालं ते थेट आईच्या हेलात, "काय बघूलैस गं भवाने?" चंद्रीचे कान हलले. सड भरून आले.

एरवी मी उद्यमबागच्या फाउंड्रीतला, घरीदारी मोजकं बोलणारा. पहाटे गोठ्यात मात्र शिव्या काय, लाडीगोडी काय! बायको चुलीपासनं विचारायची, "आत आत्या हायत की तुमी?"

म्हातारी झाल्यावर चंद्री आटली, तरी मी बोलायचा थांबलो नाही. एका पावसाळ्यात बसली ती उठलीच नाही. बांधाला खड्डा काढून मीठ घालून पुरली. म्हशीचं सुतक कुणी धरत नाही. मला मात्र आई नव्यानं गेल्यासारखं झालं, आणि तिच्या आवाजात बोलणारा तो पहाटेचा माणूसही त्याच खड्ड्यात गेला. रिकाम्या गोठ्यात उभं राहून भवाने म्हणायचं कुणाला?

परवा शेजारच्यांची म्हैस अडून बसली. "तुला जमतंय, ये की," म्हणून त्यांनी हाक मारली. बसलो, पाठीवर थाप मारली, आईचे शब्द जसेच्या तसे म्हटले. तिनं लाथ झाडली, चरवी लवंडली. खरंच की, तिच्या लेखी मी कोण?