फट उघडते, फट मिटते

रचना मिळाली की एन्झाइम कळलं, असं स्फटिकशास्त्राकडे नव्याने वळलेल्या मुलांना वाटतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण ग्लुकोकायनेज.

यकृतात आणि स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत असणाऱ्या या एन्झाइमचं काम एकच: एटीपीकडचा फॉस्फेट ग्लुकोजवर चढवायचा. मेंदूतलं हेक्झोकायनेजही तेच करतं, पण साखर अगदी थोडी असली तरी ते जोरात चालतं. ग्लुकोकायनेजला निम्मा वेग गाठायलाच लिटरमागे सुमारे 8 मिलिमोल ग्लुकोज लागतं. म्हणून उपाशीपोटी ते मंद, जेवणानंतर तेज. इन्सुलिन कधी सोडायचं, हे बीटा पेशी त्यावरूनच ठरवतात.

रचनेत दोन भाग दिसतात, मधे खोल फट. ग्लुकोज आत बसलं की फट मिटते आणि पाणी बाहेर राहतं. नाहीतर एटीपीचा फॉस्फेट पाण्यावरच वाया गेला असता. आकार असा बदलत असावा, हे डॅनियल कोशलंड यांनी 1958 मध्येच मांडलं होतं. ग्लुकोकायनेजची रचना 2004 साली आली. ग्लुकोज नसताना त्याची फट कमालीची उघडी असते आणि मिटायला वेळ घेते.

हा वेळ स्फटिकात दिसत नाही, तो मोजावा लागतो. तयार होणाऱ्या ग्लुकोज-6-फॉस्फेटवर आम्ही दुसरं एन्झाइम सोडतो. त्यातून एनएडीपीएच बनतं आणि 340 नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण वाढू लागतं. पडद्यावरची रेघ चढते. ग्लुकोज वाढवत नेऊन वेग मांडले, की आलेख आधी रेंगाळतो आणि मग झपकन उचलतो. ग्लुकोजसाठी एकच जागा असलेल्या एकट्या रेणूकडून असा वळसा! मला आजही त्याचं नवल वाटतं. त्याचा उलगडा फटीच्या त्या संथपणात आहे.

याच्या जनुकातल्या काही बदलांनी एन्झाइम दुबळं होतं. त्या माणसांची उपाशीपोटीची साखर जन्मापासून थोडी चढी असते आणि बहुतेकांना औषध लागत नाही. दुसऱ्या काही बदलांनी ते अतितत्पर होतं, साखर धोक्याइतकी उतरते. यातले बरेच बदल ग्लुकोजच्या जागेपासून दूर, दोन भागांच्या सांध्याजवळ आहेत. नुसतं चित्र पाहून कोणता बदल कुठल्या बाजूला नेईल, हे मी तरी सांगणार नाही.

तेव्हा मुलांनो, रचना सुटली की त्याच प्रथिनाचा वेगही मोजा, आणि शोधनिबंधात चित्राशेजारी तो आलेख छापा.