नव्वद मीटर खाली, खुर्चीसकट

ब्लेनॅव्हॉन हे दक्षिण वेल्समधलं डोंगरउतारावरचं गाव. १७८९ च्या सुमारास इथे लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या, त्यांच्यासाठी डोंगर पोखरून कोळसा निघू लागला आणि २००० साली हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरला. आम्ही आलो होतो 'बिग पिट' पाहायला. १९८० मध्ये बंद पडलेली ही खाण तीनच वर्षांत संग्रहालय म्हणून उघडली. माझी ताई व्हीलचेअर वापरते. 'वर बसून फिल्म बघायला मी आलेले नाही,' असं तिने निघतानाच बजावलं होतं, म्हणून आधीच कळवून ठेवलं होतं.

दारात मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्ली काढून ठेवावी लागली. खाणीचे सुरक्षानियम इथे आजही लागू आहेत आणि ठिणगीची शंका येईल असं काहीही खाली नेता येत नाही. मग डोक्यावर दिव्याचं हेल्मेट, कमरेला पट्टा, पट्ट्याला बॅटरी आणि आणीबाणीत श्वास घेण्यासाठीचा डबा. पट्टा बांधणारे काका स्वतः जुने खाणकामगार. बसलेल्या माणसाला बॅटरी पाठीत रुतते, म्हणून त्यांनी ती बाजूला सरकवली आणि विचारलं, 'आता बोचतंय?' विचारलं ते ताईला, माझ्याकडे बघून नव्हे. खुर्चीमागे उभं राहणाऱ्यालाच कळेल की हे किती क्वचित घडतं.

इथला उभा बोगदा इतका रुंद खणलेला, की कोळशाच्या दोन गाड्या शेजारीशेजारी वर येत. खाणीचं नावही त्यावरूनच पडलं. आता त्याच वाटेने पिंजऱ्यातून माणसं उतरतात. खुर्ची आत घेतली, चाकं अडकवली, जाळी लागली आणि आम्ही नव्वद मीटर खाली पोहोचलो.

खाली जमीन उंचसखल. उतार आला की काका खुर्ची उलटी फिरवून सावकाश उतरवत. घोड्यांच्या तबेल्यात खणाखणावर त्यांची नावं होती. पुढे हवेचं दार लागलं. ताजी हवा अर्ध्या वाटेतून परत न फिरता कोळशापर्यंत पोहोचावी, म्हणून अशी दारं लागत. ती उघडण्या-मिटण्यासाठी लहान मुलं अंधारात तासन्‌तास बसत. मुली, बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी आली ती १८४२ मध्ये. आमच्या गटातल्या एका अंध गृहस्थांना काकांनी दाराची कड धरायला दिली. दार किंचित उघडताच वारा सूंऽ करत आला. गृहस्थांनी दुसरा हात कोळशाच्या थरावर ठेवला आणि वारा कुठून कुठे जातो ते आम्हाला बरोबर सांगितलं.

अपंगत्व या खाणींना परकं नाही. दगड-कोळशाच्या धुळीने दक्षिण वेल्समधल्या हजारो कामगारांची फुप्फुसं निकामी केली. त्यांच्यासाठी भरपाईची व्यापक योजना यायला १९४३ साल उजाडलं. ज्यांना दम लागून चार पावलं टाकता येत नव्हती, त्यांचीच ही जागा. तिथे खुर्चीवरच्या माणसाला 'तुम्ही वरच थांबा' म्हणणं मला तरी अन्यायाचंच वाटतं. प्रत्येक भट्टीच्या माथ्यावर लिफ्ट बसवता येणार नाही, हे मान्य. पण पट्टा सरकवायला, दार हातात द्यायला लिफ्ट लागत नाही.

आपल्याकडे नागपूरजवळ सावनेरच्या कोळसा खाणीतही पर्यटकांना नेऊ लागले. ताईने वर येताच त्या खाणीच्या लोकांना विचारायचे प्रश्न मला लिहून घ्यायला लावले: वाट किती रुंद, उतार किती, अडचण आली तर खुर्ची बाहेर कशी काढणार आणि आधी कळवायचं कोणाला?