आधी थांबणं ठरवावं

मी ड्राइव्ह बसवण्याचं काम करतो. मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून तिचा वेग हवा तसा राखणारं हे यंत्र. सणसरला आमची शेड. चौफेर ऊस, नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि शेजारी भवानीनगरचा कारखाना. इथला माणूस या धंद्यात पडला की साखरेच्या कामावर पोचतोच. एका वर्षी तुकोबांची पालखी सणसरचा मुक्काम हलवून पुढे गेली आणि शेडमध्ये कामाला जोर आला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं ओव्हरहॉलिंग चालू होतं. केन कॅरिअर, म्हणजे मिलकडे ऊस वाहून नेणारा पट्टा, आणि सेंट्रिफ्युगल, म्हणजे गरगर फिरून मळी आणि साखर वेगळी करणारं यंत्र, या दोन्हींचे ड्राइव्ह हंगामाआधी बदलायचे होते.

ड्राइव्हचं पॅनेल बघायला त्या कारखान्याचे एक जुने ऑपरेटर आले होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मी त्यांना दाखवत होतो : मिलच्या तोंडाशी उभ्या चुटमध्ये ऊस किती भरलाय, हे सेन्सर सांगणार, चुट भरली की कॅरिअर हळू, रिकामी झाली की जोरात. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली, तर कॅरिअर काय करंल?"

या एका प्रश्नात इनपुटची सगळी सेटिंगं येतात. सिग्नल 0 ते 10 व्होल्टचा घेतला आणि वायर तुटली, तर ड्राइव्हला शून्य दिसू शकतं. शून्य म्हणजे चुट रिकामी. मग कॅरिअर पूर्ण वेगानं ऊस ओढणार आणि भरलेली चुट चोक होणार. म्हणून आम्ही 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल घेतला होता. त्यात रिकाम्या चुटलाही 4 मिलिअँपिअर प्रवाह असतोच. तो त्याखाली घसरला की ड्राइव्हला कळतं, ही चुट नव्हे, वायर गेली. पण कळल्यावर करायचं काय, हे ड्राइव्ह ठरवत नाही. थांबायचं, आहे तोच वेग धरायचा की ठरावीक कमी वेगावर यायचं, हे आपण भरायचं असतं. नाना म्हणाले, "हूटर वाजू द्या आन् माणूस येईस्तोवर सावकाश चालू द्या." तेच भरलं. कॅलिब्रेटरनं प्रवाह कमी करत नेला, शेवटी वायर हातानं काढली आणि नानांच्या समोर वेग उतरलेला दाखवला.

स्टार्ट-स्टॉपचंही तसंच. चालू-बंदचा एकच खटका लावला आणि वीज जाऊन परत आली, तर काही ड्राइव्ह आपोआप सुरू होतात. कॅरिअरवर त्या वेळी कुणी अडकलेली मोळी काढत असेल तर? म्हणून स्टार्ट आणि स्टॉपची वेगळी बटणं घेतली. वीज आली तरी कुणी बटण दाबल्याशिवाय मोटर फिरणार नाही. स्टॉपच्या वायरीत सतत सिग्नल ठेवला, म्हणजे ती तुटली तरी मोटर थांबेल. आणीबाणीत ओढून कॅरिअर थांबवायची दोरी मात्र इनपुटच्या भरवशावर सोडली नाही. तिचं सर्किट स्वतंत्र ठेवलं.

सेंट्रिफ्युगलवर खरा कस ब्रेकिंगचा. एका खेपेला 1,750 किलो मॅसेक्विट, म्हणजे साखर आणि मळीचं मिश्रण, घेणारी बास्केट मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेते, मळी बाहेर फेकते आणि साखर खरवडण्यासाठी पन्नास-साठ फेऱ्यांवर उतरते. वेग दुप्पट झाला की फिरणाऱ्या वस्तूतली ऊर्जा चौपट होते. उतरताना ती ऊर्जा जाणार कुठं? मोटरच जनित्र होते आणि वीज ड्राइव्हमध्ये उलटी येते. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर आतला डीसी व्होल्टेज 590च्या आसपास असतो. तो 800च्या घरात गेला की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो, आणि बास्केट मोकळी फिरत राहते.

ही उलटी आलेली वीज रेझिस्टरमध्ये वळवून जाळायला आमच्या पॅनेलला ब्रेक चॉपर आणि रेझिस्टर होता. तरी पहिल्या चाचणीत बास्केट उतरायला फार वेळ लागला आणि रेझिस्टर थंडच. कारण सेटिंगमध्ये होतं. ओव्हरव्होल्टेज कंट्रोल ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीकडून आला तसाच चालू होता. व्होल्टेज चढू लागला की हा कंट्रोल थांबण्याचा वेळ लांबवायचा, त्यामुळे चॉपरची पाळीच येत नव्हती. तो बंद केला, तेव्हा रेझिस्टर तापू लागला आणि बास्केट ठरल्या वेळात उतरली. डीसी इंजेक्शन, म्हणजे मोटरला डीसी प्रवाह देऊन थांबवणं, वापरलं नाही. त्यात उष्णता मोटरमध्येच मुरते आणि तासाला पंधरा-वीस खेपा करणाऱ्या मशीनला ते सोसत नाही. रेझिस्टरचा थर्मल स्विच थेट मुख्य कॉन्टॅक्टरला जोडला, कारण चॉपर शॉर्ट झाला तर ड्राइव्हला तो प्रवाह तोडता येत नाही.

ड्राइव्ह चालू करणं सोपं झालंय. मोटरच्या पाटीवरचे आकडे भरले की मोटर फिरते. म्हणूनच पॅनेल सोपवण्याआधी काय तुटलं तर काय होईल, हे ऑपरेटरबरोबर बसून ठरवलं पाहिजे, असं मी ठामपणे म्हणतो. आता प्रत्येक पॅनेलच्या दाराला आतून मी मराठीत एक तक्ता चिकटवतो : कोणतं सेटिंग, किती आणि का. रात्रपाळीला ट्रिप आली, तर फोन लागायची वाट न बघता तिथल्या माणसाला कारण वाचता यावं. मोटरजवळ रात्रभर तोच उभा असतो.