अबोली

दिल्लीत तीस वर्षे पाठचिकित्सा शिकविलेल्या एका मराठी प्राध्यापकांच्या डोळ्यातील तो डाग प्रथम दिसला त्यांच्या पत्नीला. खालच्या पापणीच्या आत, पांढऱ्या बुबुळालगतच्या घडीत. "अहो, अबोलीची पाकळी अडकल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. वैद्यकाची पुस्तके या रंगाला सामन माशाच्या मांसाची उपमा देतात. मराठीला अबोली जवळची. आणि न दुखणाऱ्या, न बोलणाऱ्या या रोगाला ते नावही शोभते.

डोळे आले असतील, असे सर्वांनी ठरविले. स्टेरॉइडचे थेंब घातले की डाग ओसरे, थांबविले की परते. असे दोनदा झाले. सुखटणकरांच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे दाखले देत सुलभ पाठाविषयी विद्यार्थ्यांना सावध करणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या डोळ्याचा सुलभ पाठ मात्र बिनतक्रार स्वीकारला.

अखेर एका नेत्रतज्ज्ञ बाईंनी थेंब बंद करविले आणि डागाचा लहानसा तुकडा तपासणीस पाठविला. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने काही काळ विरतात. म्हणजे उपायच पुरावा पुसत होता. सूक्ष्मदर्शक आणि पेशींवरील प्रथिनांच्या खुणा यांवरून निदान ठरले : माल्ट लिम्फोमा. आयझॅकसन आणि राइट यांनी १९८३ मध्ये वर्णिलेल्या, संथ गतीने वाढणाऱ्या कर्करोगाचा हा प्रकार. दुसरा डोळा पाहिला, सर्व शरीराचे स्कॅन झाले. रोग अन्यत्र नव्हता.

"वाचता येईल ना?" एवढेच त्यांनी विचारले. बाईंनी काही लपविले नाही. किरणोपचाराची रूढ मात्रा सुमारे २४ ग्रे. तिने रोग बहुधा आटोक्यात येतो, पण डोळा कोरडा पडू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. दुसरा मार्ग दोन बैठकांत अवघ्या ४ ग्रेचा. मग काही महिने वाट पाहायची आणि डाग उरलाच तर उरलेली मात्रा द्यायची. प्राध्यापकांनी वाट पाहणे पत्करले.

चार महिन्यांनी डाग नाहीसा झाला. तरीही हा रोग वर्षांनी परतू शकतो, म्हणून तपासण्या चालू आहेत. दर रविवारी गॅलरीतील उजेडात पत्नी त्यांची पापणी ओढून पाहतात.

"काय दिसतं?"

"काही नाही."

पूर्वी एवढ्यावर त्यांचे समाधान झाले असते. आता ते म्हणतात, "पुन्हा एकदा नीट बघ."