बर्फावर थापा नकोत, बॉस!

रेझ्युमेत 'एक्सेल : एक्स्पर्ट' असं आपण बिनधास्त ठोकून देतो. घरातून पाय निघालेला नसताना मित्राला 'पाच मिनिटांत पोचतोय' म्हणून सांगतो. शहरात असल्या छोट्या-मोठ्या थापा खपून जातात. बर्फावर त्या खपत नाहीत. गुलमर्गच्या स्की कोर्समध्ये मी जे काही शिकले, त्यातला हा सगळ्यात मोठा फंडा!

पहिली थाप वजनाची. भाड्याने स्की देणारा माणूस उंची, वजन आणि लेव्हल विचारतो. मुली चार किलो कमी सांगतात, मुलं पहिल्याच दिवशी 'इंटरमीडिएट' होतात! पण तो चौकशा म्हणून विचारत नसतो. बूट आणि स्की जोडणाऱ्या बाइंडिंगचं सेटिंग या आकड्यांवर ठरतं. आपण जोरात पडलो की बाइंडिंगने बूट सोडायला हवा. लेव्हल फुगवून सांगितली तर ते घट्ट बसतं, स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटून निघतो. वजन कमी सांगितलं तर ते सैल राहतं आणि भर वेगात स्की निसटते. तेव्हा लाज सोडा, आकडा खरा सांगा.

दुसरी थाप, 'मला जमतं'. पहिले दोन दिवस आमचे काश्मिरी इन्स्ट्रक्टर फक्त 'पिझ्झा, पिझ्झा' ओरडत होते. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. हा आपला ब्रेक. "मॅडम, पहले रुकना सीखो," हे वाक्य रोज पन्नास वेळा! वेगाने जाणं उतारच शिकवतो, थांबायला आपल्याला शिकावं लागतं.

थांबायचं कुणासाठी? आपल्या खाली असलेल्या माणसासाठी. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेच्या, म्हणजे एफआयएसच्या, दहा नियमांत हे स्पष्टच आहे : मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असाच मार्ग निवडायचा. आपल्याकडे रस्त्यावर उलटं असतं. मागचा हॉर्न मारतो, पुढच्याने बाजूला व्हायचं. हाच हिशोब घेऊन एक पठ्ठ्या 'हटो, हटो' करत खाली आला आणि आमच्या बॅचमधल्या नाशिकच्या मैत्रिणीला आडवं करून गेला. तिला मागे डोळे थोडेच होते?

तिथेच तिसरी थाप ऐकू आली, 'आय अ‍ॅम फाइन!' ती हसत उठली, बर्फ झटकला, पुन्हा वर निघाली. इन्स्ट्रक्टरनी ऐकलं नाही. बसवलं, दोघांना सोबत देऊन डॉक्टरकडे पाठवलं. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. डोक्याला सौम्य मार बसला होता. दोन दिवस विश्रांती घेतल्यावर ती बरी झाली.

'द पेरेंट ट्रॅप'मधली आई आठवते? नताशा रिचर्डसन. मार्च २००९ मध्ये कॅनडात, नवशिक्यांच्या उतारावर ती पडली. हेल्मेट नव्हतं. उठून हसत-बोलत होती, मदत नको म्हणाली. काही वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांत ती गेली. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. अशा दुखापतीत सुरुवातीला माणूस ठणठणीत वाटू शकतो. म्हणून हेल्मेट हवंच, आणि हेल्मेट असूनही डोकं आपटलं तर त्या दिवसाचं स्कीइंग बंद!

चौथी थाप डोंगराबद्दलची, 'काही होत नाही यार.' गुलमर्गचा गोंडोला जवळजवळ चार हजार मीटरवर, अफरवतला नेऊन सोडतो. तिथून आखलेला उतार सोडून ताज्या बर्फात उतरायचा मोह सॉल्लिड असतो. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथेच हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन स्कीअर गेला. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडायचा तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. एवढ्यात बाहेरची मदत पोचणं कठीण, म्हणजे शोधायचं सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाकडे सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून बघायची लांब काठी आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. तो नसेल, सोबत जाणकार गाइड नसेल किंवा स्की पेट्रोलवाल्यांनी उतार बंद ठेवला असेल, तर फोटो काढा आणि गोंडोलानेच खाली या.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना 'एक लास्ट रन' हवी होती. आमच्यातला एकजण म्हणाला, "माझे पाय दमलेत, मी नाही येत." आधी कुणीच काही बोललं नाही. मग आणखी तिघांनी स्की काढून खांद्यावर घेतल्या.