म्लादा बोलेस्लाव्ह : शर्यतीचें यश व घरची गाडी

चेक देशांत प्रागच्या ईशान्येस, यिझेरा नदीच्या कांठीं, म्लादा बोलेस्लाव्ह हें शहर आहे. ज्या स्कोडा मोटारींची जुळणी २००१ सालीं आपल्या औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, सुरू झाली, त्यांचें हें मूळपीठ. लाउरिन हा कारागीर व क्लेमेंट हा पुस्तकविक्रेता यांनीं १८९५ सालीं येथें सायकलींचा धंदा मांडिला. १९०५ सालीं त्यांची पहिली मोटार निघाली.

येथल्या ‘१३० आर. एस.’ गाडीनें १९७७ च्या मोंटे कार्लो रॅलींत आपल्या वर्गांत पहिला क्रमांक पटकाविला. पुढें २०१६ ते २०१८ अशीं सलग तीन वर्षें फाबिया चालविणारांनीं जागतिक रॅलीच्या दुसऱ्या श्रेणीचें अजिंक्यपद मिळविलें. असें असतां, १९७० ते १९८० मधील ‘११० आर’ सारखे अपवाद सोडल्यास, केवळ वेगाच्या हौसेची गाडी हा कारखाना कां विकीत नाहीं?

रॅली माती, बर्फ व डोंगरवाटा यांवरून धांवते. आणि या श्रेणींतील गाडी बाजारांतल्या गाडीवरूनच बेतावी लागते. फाबिया मूळची कुटुंबाची गाडी. तीच बळकट करून रणांत उतरवितात. अर्थात् कीर्तीही घरगुती गाडीसच लाभते. शिवाय १९९१ पासून हा कारखाना फोक्सवागनच्या घराण्यांत आहे, आणि तेथें वेगवान गाड्यांचें काम आज पोर्शेसारख्या भावंडांकडे आहे. एकत्र कुटुंबांतील ही कामांची वांटणी वाचकांस नवी नाहीं.

बर्फांत कसोटीस उतरलेली विद्या वृद्धांस व मुलांबाळांस सुखरूप घरीं पोंचवीत असेल, तर त्यांत तिला उणेपणा कसला?